पाहुणीचं ताट

"बटाटे बारीक चीर, आई. नाहीतर चिकन शिजेल अन् हे कच्चे राहतील."

कमलबाईंनी फोडींचे आणखी दोन-दोन तुकडे केले. रविवार होता. आरोही धाराशिवला बँकेत नोकरीला होती आणि सुट्टीला येरमाळ्याला घरी यायची. हा ओव्हन तिनंच घेतलेला. आज ट्रेच्या तळाशी तिनं बटाटे, गाजरं, कांदे आणि ढोबळी मिरची पसरली. त्यावर दह्यात, आलं-लसणात, काळ्या मसाल्यात मुरवलेले चिकनचे तुकडे मांडले.

"अन् रस्सा?"

"रस्सा नाही. चिकनचा रस खाली उतरतो, त्यातच भाज्या शिजतात. एकदा आत ठेवलं की झालं. तुला गॅससमोर उभं राहावं लागणार नाही. आपण बाहेर पाहुण्यांजवळ बसायचं."

कमलबाईंना नेमकं तेच नको होतं. गॅससमोर उभ्या राहिलेल्या बाईला कुणी बोलायला लावत नाही.

तेवढ्यात शेजारच्या नागूबाई लिंबं घेऊन आल्या. त्यांना या गल्लीत राहायला येऊन वर्षच झालं होतं.

"पाव्हणे येणारेत म्हनं? पोरगं काय करतंय?"

"एकट्या बाईच येणारेत," कमलबाई म्हणाल्या.

"पोराची आई आधी बघून जाणार व्हय? बरं हाय की. सगळं तिच्याच हातात असतंय." नागूबाई हसल्या. "अन् तू तोंड कशापायी पाडलंस? लेक म्हंजे परक्याचंच धन."

कमलबाईंनी लिंबू इतक्या जोरात पिळलं की बिया ट्रेमध्ये पडल्या. नागूबाई जाईपर्यंत त्या खाली मान घालून बिया वेचत राहिल्या.

आज येणाऱ्या भुवनेश्वरीबाईंचा निरोप आला तेव्हा 'नको म्हणून कळवा' असं त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. उत्तरेश्वर म्हणाले, "सव्वीस वर्सांची हाय ती. तिचं तिला ठरवू दे." आरोहीनं दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "येऊ दे त्यांना." ती हे इतक्या सहज म्हणाली की कमलबाई अर्ध्या ताटावरून उठल्या.

दुपारी उत्तरेश्वर भुवनेश्वरीबाईंना स्टँडवरून घेऊन आले. उमरग्याकडच्या, पंचेचाळिशीच्या, नीटनेटक्या बाई. कपाळावर विभूतीची पुसट रेघ. दारातच त्या थबकल्या. आरोही पाणी घेऊन आली तर तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला.

"शिक्षण कुठं झालं?" त्यांनी विचारलं.

"कळंबला. मग धाराशिवला."

"आजारपण वगैरे काही?"

"लहानपणी कावीळ झाली होती," आरोहीऐवजी कमलबाईच बोलल्या. "आता काही न्हाय. धडधाकट हाय पोरगी."

आपण बाजारात उभं राहून बोलतोय असं त्यांना वाटलं. त्या उठून आत गेल्या. ओव्हनमधून खमंग वास सुटला होता.

आरोहीनं ट्रे आणून मधोमध ठेवला. चिकनवर तांबूस खरपूस रंग चढला होता, बटाट्यांच्या कडा कुरकुरीत झाल्या होत्या. तिनं पाहुणीच्या ताटात वाढायला डाव पुढं केला, तशी भुवनेश्वरीबाईंनी ताटावर हात धरला.

"बेडा... म्हणजे, नको. आमच्यात चालत न्हाय हो."

कमलबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय खाता, एवढं साधं विचारायचं राहून गेलं होतं.

"मग भाज्या घ्या की," उत्तरेश्वर म्हणाले.

"त्यात चिकनचा रस उतरलाय, बाबा," आरोही हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

कमलबाईंनी धावत जाऊन भाकरी, दही, शेंगांची चटणी आणली. ट्रे उचलायला लागल्या तर भुवनेश्वरीबाईंनी अडवलं.

"राहू द्या. तिनं एवढं केलंय. तिला जेवू द्या."

आरोही संकोचून नुसतंच गाजर चिवडत होती. भुवनेश्वरीबाईंनी क्षणभर ट्रेकडं पाहिलं. मग डाव उचलला आणि त्यातला चिकनचा सगळ्यात मोठा तुकडा नीट आरोहीच्या ताटात वाढला.

"खा," त्या म्हणाल्या. "खाताना बघू दे मला."

आरोही जेवली. पाहुणीची भाकरी ताटात तशीच सुकत गेली. कमलबाईंनी ते सगळं पाहिलं. मग त्या सरकून पाहुणीच्या शेजारी बसल्या.

परतीच्या गाडीची वेळ झाली. कमलबाईंनी पाहुणीला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली.

"पुन्हा या."

"घरी तुळजापूरला जाते म्हणून सांगून आलेय." भुवनेश्वरीबाई पदर सावरत म्हणाल्या. "पुन्हा जमंल का, ठाऊक न्हाय. बघायचं होतं तेवढं बघितलं. चांगल्या घरात हाय ती."

आरोही पाया पडायला वाकली. भुवनेश्वरीबाईंनी तिला उठवलं, तिच्या गालावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"नीट जा, मावशी," आरोही म्हणाली.

भुवनेश्वरीबाईंनी मान हलवली आणि त्या पायरी उतरू लागल्या. कमलबाईंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं ढकललं.

"मावशी काय म्हणतीस? आई म्हण की एकदा. नऊ म्हैने तुला पोटात त्यांनीच वागवलंय."