तीन नंबरचं मैदान

रोह्यात कबड्डीचे सामने चार मैदानांवर एकाच वेळी चालले होते आणि जिते गावात घरी बसून ठमाबाई ते टीव्हीवर बघत होती. कॅमेऱ्यांमागे माणूस नव्हता. भाच्याने, धनेशने, सकाळीच समजावलं होतं, "मामी, चारही मैदानांचं चित्र क्लाउडवर जातं. जिथं आरडाओरडा जास्त, तेच मैदान कॉम्प्युटर आपोआप दाखवतो."

तीन नंबरच्या मैदानावर तिची लेक किमया चढाईला गेली. चौघींनी तिला धरलं, ती मानेवर पडली आणि उठली नाही. सगळं मैदान गप्प झालं. त्याबरोबर टीव्हीवर दोन नंबरच्या मैदानावरचा जल्लोष सुरू झाला.

ठमाबाईने लेकीबरोबर गेलेल्या नवऱ्याला फोन लावला. "अवो, पोर कशी हाय?"

"बरी हाय गो," काळुराम म्हणाला. "उठून बसलीय. पानी पितेय."

"मंग वरडा जोरात. आजूबाजूच्यांना पन वरडाया सांगा. मला दिसू दे ती."

फोन कानाला लावून ती टीव्हीकडे बघत राहिली. मिठागराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक पोचवणारा काळुराम फोनवर नुसता श्वास घेत होता. टीव्हीवर दोन नंबरचं मैदान चालूच होतं.