दुसऱ्यांची वाक्यं

दिवे मंद झाले तरी नम्रताने विषय काढला नव्हता. गाडीत सांगायचं होतं, ते राहिलं. तिकिटांच्या रांगेत राहिलं. आता सिनेमा संपल्यावर.

शेजारी आप्पा पाय लांब करून निवांत बसले होते. ते सासरे, पण नम्रताचं त्यांच्याशी तिच्या नवऱ्यापेक्षा, ऋषीपेक्षा जास्त जमायचं. म्हणूनच ऋषीने हे काम तिच्यावर ढकललं होतं. "तुझं ऐकतात ते. मी सांगितलं तर ‘बरं’ म्हणतील आणि खोलीत जाऊन बसतील."

ऋषीची बदली अमेरिकेत, ऑस्टिनला झाली होती. दिवाळीनंतर दोघं जाणार होते. आप्पांसाठी धायरीजवळ ज्येष्ठांची एक जागा पाहून ठेवली होती आणि तिथे शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. सासूबाई जाऊन आठ वर्षं झाली होती. हडपसरच्या त्या अकराव्या मजल्यावर आप्पा एकटे कसे राहणार?

सिनेमा नम्रतानेच निवडला होता. म्हातारे नट-नट्या एका बंगल्यात एकत्र राहतात, भांडतात, औषधं विसरतात आणि शेवटी एक नाटक बसवतात. बघता बघता आप्पांच्या मनाची तयारी होईल, असा तिचा अंदाज. तिने शनिवार सुचवला, तर आप्पा म्हणाले, "बुधवार बरा. दुपारचा खेळ. आणि एफ रांग घे, मधली." बुधवारी त्यांचा जुन्या नाटकवाल्यांचा कट्टा असे. तो बुडवून ते आले, याचंही तिला ओझं झालं. हिंजवडीच्या ऑफिसात तिने अर्धी रजा टाकली.

पडद्यावरची म्हातारी नटी तालीम करता करता थबकली.

"दिवे कमी करा, मला माणसं दिसतायत," आप्पा पुटपुटले.

"दिवे कमी करा," नटी म्हणाली. "मला माणसं दिसतायत."

नम्रता वळली. "आप्पा, पाहिलाय की काय तुम्ही?"

"एकटा मी कशाला येतोय सिनेमाला!"

तेही खरंच. आप्पांनी चाळीस वर्षं नाटकांत प्रॉम्प्टिंग केलं होतं. विंगेतल्या अंधारात संहिता घेऊन उभं राहायचं, आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. घरी मालिका चालू असली तरी पुढचं वाक्य आप्पा आधी म्हणत आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. हाताची सवय असते तशी ही तोंडाची.

मागे कुणाचा तरी फोन वाजला आणि तो माणूस चक्क बोलू लागला. आप्पांच्या पलीकडच्या खुर्चीत निळ्या साडीतल्या एक बाई बसल्या होत्या, साठीच्या पुढच्या. मान न वळवता त्या म्हणाल्या, "अहो, बाहेर छान पॅसेज आहे. सोफासुद्धा ठेवलाय." आवाज चढवला नव्हता, तरी तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. फोन बंद झाला. आप्पा खुदकन हसले.

मध्यंतरात ते एकदम खुलले. "आमच्याकडे प्रेमला होती. ह्या सिनेमातल्या बाईसारखीच. काम फर्मास, पण दुसऱ्या अंकात हमखास अडायची."

"मग?"

"मग काय. मी होतो ना."

"आणि तुम्ही अडलात तर?"

"मी कसला अडतोय! मला कुठे वाक्यं होती?"

उत्तरार्धात नम्रताचं लक्ष लागेना. महिन्याभरापासून आप्पांनी पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली होती. कपाट अर्धं रिकामं झालं होतं. विचारलं तर "आवरतोय" एवढंच उत्तर. त्यांना सुगावा लागला होता, आणि अवाक्षर न काढता माणूस बाजूला व्हायला निघाला होता. तिने हे ऋषीला सांगितलं, तेव्हा त्याने लॅपटॉप मिटून टाकला होता.

पडद्यावर नाटक पार पडलं. म्हातारी मंडळी एकमेकांचे हात धरून वाकली. आप्पांनी खरोखरच्या टाळ्या वाजवल्या. निळ्या साडीतल्या बाईंनीही.

बाहेर कॉफी घेऊन दोघं एका टेबलाशी बसली. आता टाळण्यात अर्थ नव्हता.

"आप्पा, ऋषीला ऑस्टिनला जावं लागतंय. मलाही. आम्ही खूप विचार केला. तुम्हाला इथे एकटं ठेवायचं म्हणजे... तर धायरीला एक जागा आहे. तिथे..."

घोकलेलं सगळं पार पुसलं गेलं.

"‘तिथे तुम्हाला सोबत मिळेल,’" आप्पांनी हळूच पुरवलं.

तिने चमकून कप खाली ठेवला.

"भिंत पातळ आहे गं तुमच्या खोलीची. रोज तालीम ऐकतोय. ऋषी ते वाक्य फार पडेल म्हणतो. तुझं बरं होतं."

नम्रताला रडू फुटलं. "रागावलात ना?"

"छे! खुशाल जा. पोरांनी जावं. पण त्या जागेला नाही म्हणून कळव."

"असं कसं? मग तुम्ही राहणार कुठे? एकटे?"

आप्पांनी तोंड उघडलं. मिटलं. कागदी कप दोन्ही हातांत धरून फिरवला. त्यांचे कान लाल झाले होते.

"त्याचं असं आहे... म्हणजे मी... तुला आधीच सांगणार होतो, पण..."

पुढे काही येईना. नम्रताने त्यांना असं अडलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

निळ्या साडीतल्या बाई केव्हा येऊन आप्पांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, ते तिला कळलंही नाही. त्यांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, किंचित वाकल्या, आणि विंगेतून द्यावं तसं, हळू पण स्वच्छ आवाजात वाक्य दिलं.

"‘आम्ही गेल्या महिन्यात लग्न केलं.’"