संगणकाचा नवा मालक

टेम्पो चार वाजता येणार होता, आणि संगणक अद्याप विकला गेलेला नव्हता.

चिंतामणराव त्याच्यासमोर स्वस्थ बसून होते. सांगलीतील हे टायपिंगचे दुकान व त्यामागील दोन खोल्या सोडून त्यांना पत्नीसह साताऱ्यास, मुलाच्या घरानजीक मिळालेल्या एका खोलीत जावयाचे होते. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांची दृष्टी अधू होत गेली होती. पडद्यावरील एका ओळीच्या दोन ओळी दिसू लागल्यावर या व्यवसायात राहण्यात अर्थ उरला नव्हता.

"त्या खोलीत एक तर हा राहील, नाहीतर मी," पातेली पोत्यात भरीत चारुशीलाबाई म्हणाल्या. "काय ते ठरवा."

"गिऱ्हाईक येतंय."

"आठ दिवस येतंय."

हे सत्य होते. पेंटियम, बत्तीस एमबी रॅम, सतरा इंची रंगीत पडदा. शहाण्णव साली तो आणला तेव्हा त्या पेठेत इतका बलाढ्य संगणक दुसरा नव्हता, आणि आता तीच त्याची अडचण झाली होती. तासगावचा एक बेदाणा व्यापारी पाहून गेला. "बेदाण्याच्या हिशेबाच्या पट्ट्या काढायला हत्ती कशाला पाळू?" असे म्हणून चहा पिऊन तो निघून गेला. एका मास्तरांनी अशी किंमत सांगितली, की चारुशीलाबाईंनी त्यांना चहादेखील विचारला नाही.

साडेतीनच्या सुमारास आप्पासो दारात उभे राहिले. आटपाडीकडचे वृद्ध मेंढपाळ. खांद्यावर घोंगडी, हातात फडक्याची गाठोडी. सोमवारीही ते आले होते, संगणकाकडे आणि चिंतामणरावांकडे बराच वेळ पाहून गेले होते.

"रामराम. हाय न्हवं अजून?"

"आहे. बसा, आप्पा."

आप्पासो बसले नाहीत. "आमच्या भागातल्या गावांच्या मतदारांच्या याद्या तहसील हापिसासाठी तुमीच टायपल्या म्हणं, दोन वर्सांमागं?"

"मीच," चिंतामणरावांचा चेहरा किंचित उजळला. "ऐंशी गावे. अठ्ठावीस दिवसांत. बोटे सुजली होती."

"ह्याच मशीनवर? दुसऱ्या कंच्या न्हाई?"

"हेच. एवढा भार दुसऱ्याला पेलला नसता. याचा प्रोसेसर म्हणजे—"

"त्ये ऱ्हाऊ द्या. आतलं समदं आत हाय न्हवं?"

"आहे. परंतु चिंता नको. देताना सर्व पुसून कोरे करकरीत करून देतो."

"पुसायचं न्हाई!" आप्पासोंचा आवाज चढला, मग त्यांनी तो आवरला. "जसं हाय तसं पायजे."

चारुशीलाबाई हातातले पातेले तसेच धरून पुढे आल्या. "आप्पा, हा टीव्ही नव्हे हं. यात सिनेमा दिसत नाही."

"ठावं हाय, बाई. मेंढरं राखली म्हणून काय मेंढरू झालो न्हाई."

त्या हसल्या. चिंतामणराव मात्र हसले नाहीत. म्हातारा गाठोडी सोडू लागला होता.

"एवढे पैसे कोठून आणलेत?"

"निम्मा कळप इकला."

"वस्तीवर वीज आहे?"

"न्हाई."

भिंतीवरचे घड्याळ सकाळीच पोत्यात गेले होते. तरी वेळ किती उरला आहे, हे तिघांनाही कळत होते. चिंतामणराव फार थकले होते. गप्प राहणे सोपे होते.

"आप्पा," अखेरीस ते म्हणाले, "मला हा आजच विकणे भाग आहे. तथापि तुम्ही घेऊ नका. हा तुमच्या काडीच्याही उपयोगाचा नाही. घरी जा, मेंढरे परत मिळतात का पाहा."

चारुशीलाबाईंनी कपाळाला हात लावला. आप्पासोंनी चिंतामणरावांकडे निरखून पाहिले.

"आवं, तुमी भला माणूस हाय, त्ये सोमवारीच बघून ग्येलो. आता कागद करा. मालक म्हणून माझं नाव घाला."

त्यापुढे युक्तिवाद चालला नाही. चिंतामणरावांनी कागद डोळ्यांशी धरून पावती लिहिली. आप्पासो धुळा कोळेकर यांनी सदर संगणक आहे त्या स्थितीत विकत घेतला असून आजपासून तेच त्याचे पूर्ण मालक आहेत. चारुशीलाबाईंनी ती वाचून दाखविली. आप्पासोंनी ती पुन्हा वाचावयास लावली. मग अंगठा उठविला आणि शाई फेट्याला पुसली.

"म्हंजे आता ह्याचा मालक मी. तुमी न्हाई, हापिस न्हाई."

"तुम्हीच."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. चिंतामणराव लगबगीने उठले. पडदा गुंडाळण्यासाठी जुनी सतरंजी त्यांनी बाजूला ठेवली होती. ती उलगडून ते वायरी सोडविण्यास वाकले, तोच म्हाताऱ्याच्या राठ हाताने त्यांचे मनगट धरले.

"काढू नगा. चालू करा."

"अहो, टेम्पो उभा आहे. तुम्हांला संगणक न्यायचा नाही का?"

"आधी चालू करा."

पडदा हळूहळू उजळला. आप्पासो प्रथमच खुर्चीवर बसले. पावतीची घडी त्यांनी नीट उलगडली आणि चिंतामणरावांच्या पुढ्यात धरली.

"हापिसात सांगत्यात, तू कॉम्प्युटरात दोन वर्सांमागंच मेलायस, आन् मालकाबिगर त्यात कुणाला हात लावता येत न्हाई. आता मालक सांगतोय. मला जिता करा."