आडवा ताण

सुलक्षणाने कापड फिरवलं. आडवं होतं ते उभं केलं, हाताने सारखं केलं आणि खडूने शुभाची मापं टाकली. बोटभरही ढिलाई ठेवली नाही.

आपण काय करतोय हे तिला नीट कळत होतं. होजियरीचं कापड आडवं ताणतं. तो ताण अंगाभोवती आला तरच टॉप डोक्यावरून सहज उतरतो आणि अंगावर बसतो. उभा गेला, की छातीत आवळणार आणि खाली लोंबणार. ऑफिसात शुभाचं हसं होणार. दोष द्यायला कापड होतंच.

सकाळपर्यंत असलं काही तिच्या मनात नव्हतं. धाकट्या जावेबरोबर ती घाटकोपरच्या बाजारात हौसेने गेली होती. शुभाचा हात चकचकीत नायलॉनवर गेला तेव्हा तिनेच तो मागे ओढला. घाम टिपणारं सुती घे, म्हणाली. चार-पाच कापडं ताणून पाहिली आणि सोडल्यावर जे झटकन जागेवर आलं ते निवडलं. मोरपंखी रंगाचं.

"भरपूर ताणतं ना, वहिनी?" शुभाने दोनदा विचारलं होतं.

घरी आल्यावर सुलक्षणाने ते आरशासमोर हळूच स्वतःच्या खांद्यावर टाकलं. नेमक्या तेव्हाच सासूबाई आल्या. शुभाला खुलेल हो, म्हणाल्या, चवळीची शेंग आहे ती. मग थोरल्या सुनेकडे वरपासून खालपर्यंत बघून नुसत्या हसल्या. झालं. उशांच्या अभ्र्यांपासून सासूबाईंच्या झंपरांपर्यंत सगळं शिवायचं हिने, आणि खुलायचं काल आलेल्या शुभाने. सुलक्षणाच्या पोटात दुखलं ते दुखलंच.

दुसऱ्या दिवशी शुभा अंधेरीच्या ऑफिसातून आली ती चहासुद्धा न घेता टॉप घालून बघायला आतल्या खोलीत गेली. सुलक्षणा मागोमाग गेली. फजिती तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

शुभाने अंग आखडून, वळवळत, हसत टॉप खाली ओढला. आवळला थोडा, पण गेला. दिसलाही छान. शेंगच ती. सुलक्षणाचा नुसता जळफळाट झाला.

शुभाने तो लगेच काढला आणि तिच्यापुढे धरला.

"आता तुम्ही."

"वेड लागलंय का तुला? माझं वय काय, अंग काय."

"म्हणून तर ताणणारं कापड घेतलं. दोघींत एक. आधी सांगितलं असतं तर तुम्ही शिवलाच नसता. रविवारी वर्सोव्याला जायचंय ना, पहिल्यांदा तुम्ही घालायचा. खाली माझा इलॅस्टिकचा स्कर्ट आहे. आईंना मी बघते."

या घरात सुलक्षणासाठी कुणी कापड घेतलं होतं, असं तिला आठवत नव्हतं. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं, तोवर शुभाने तिचे हात वर करून टॉप चढवलासुद्धा. हात बाह्यांत गेले, डोकं आत गेलं, आणि खांद्यांपाशी तो रुतून बसला. खाली येईना, वर जाईना. आत सगळं मोरपंखी दिसत होतं. सुलक्षणाला रडू फुटलं, आणि तोंड झाकलेलं आहे तेच बरं, असं तिला वाटलं.

"ओढा ना, वहिनी," बाहेरून शुभा म्हणाली, "ताणेल. तुम्हीच तर निवडलंय."