भाजीचं पाणी

ज्या वर्षी प्रियंका या घरात सून म्हणून आली, त्याच वर्षी सासऱ्याचे, मारोतीचे, पाय सुजले.

"सून आली अन् बुवाचे पाय भरले," शेजारची मानीबाई पाणवठ्यावर म्हणाली. "पायगुण म्हणतात तो खोटा नसते माय."

प्रियंकानं ते ऐकलं आणि पाण्याचा गुंड उचलून घरी आली. घरात आधीच एक मरण होऊन गेलेलं. नणंद दीपा गेल्या पोळ्याला सासरहून पळून आली होती. दुसऱ्या दिवशी, करीला, सासरचे जीप घेऊन आले. मारोतीनं त्यांना मटण जेवू घातलं, समझोता केला आणि पाय धरणाऱ्या पोरीला त्याच जीपमध्ये बसवून दिलं. आठवड्याच्या आत ती तिकडच्या विहिरीत सापडली. तेव्हापासून सासू, कौसल्या, मटणाला हात लावत नव्हती. शिजवायची, पण नाकाला पदर लावून.

उन्हाळ्यात कौसल्या नवऱ्याला यवतमाळला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तपासणी झाल्यावर मारोती बाहेर बाकावर खर्रा चघळत बसला. "तूच आयक काय म्हणते तो," म्हणाला. कौसल्या एकटीच आत बसली, बराच वेळ बसली. घरी आल्यावर सुनेला एवढंच म्हणाली, "मटण बंद. भाजीपाला खाऊ घालाचा."

प्रियंकाला ते अवघड वाटलं. सासऱ्याला हाडूक चोखल्याशिवाय घास उतरत नव्हता. मनाविरुद्ध वाढलं की ताट अंगणात जायचं. नवरा प्रफुल्ल बुटीबोरीला कंपनीत, तो घरी रविवारपुरता. सासऱ्याचं काही बरंवाईट झालं तर गाव बोट कोणाकडे दाखवणार, हे तिला ठाऊक होतं.

पण बचत गटाच्या शिबिरात एका बाईंनी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. तेच तिनं सासूला सांगितलं. "आत्याबाई, नका खाऊ असं म्हणाचंच नाही. जे खाऊ घालाचं ते हाताशी ठेवाचं, नको ते नजरेआड. भूक लागल्याबरोबर पहिले भाजी पुढं कराची."

कौसल्यानं मान वर केली. दीपा गेल्यापासून तिनं कोणाकडे असं बघितलं नव्हतं.

"म्हणजे जबरदस्ती नाही?"

"बिलकुल नाही. माणूस आपल्या हातानं खाते."

"आपल्या हातानं," कौसल्या हळूच म्हणाली.

त्या दिवसापासून दोघी कामाला लागल्या. युक्ती सुनेची, भाजी सासूची. मटण शिजवायचं गंज माळ्यावर गेलं. मोठं ताट जाऊन लहान थाळी आली. केळ्याची फणी खाटेजवळच्या खुंटीला अशी टांगली की लोळल्या लोळल्या हात पोचावा. मारोती शेतातून आला की पाण्याऐवजी शहाळं. शेवग्याच्या शेंगांना मटणाचाच काळा मसाला घातला. मारोतीनं एक शेंग चोखली, दुसरी चोखली.

"काहून वं, हे तं बिनहाडाचं मटण झालं!"

"तुमचे दात आता किती हाडं फोडतीन?" कौसल्या म्हणाली. मारोती हसला. प्रियंकाला वाटलं, घर पुन्हा हसायला लागलं.

एकच गोष्ट तिला कशीशीच वाटायची. चुलीजवळ दीपाचा पाट अजून तसाच होता. कौसल्या पहिली वाटी त्या रिकाम्या पाटासमोर ठेवायची, ओठ हलवायची, कोणी हो म्हणेपर्यंत थांबावं तशी थांबायची. मग तीच वाटी उचलून नवऱ्यापुढे ठेवायची, आणि ती संपेपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहायची.

एकदा प्रियंका उकडलेल्या पालकाचं पाणी मोरीत ओतायला निघाली. कौसल्यानं तिचं मनगट धरलं. बांगडी पिचली.

"पाणी सांडू नको. सारा जीव त्याच्यातच असते."

ते पाणी टमाट्याच्या सारात गेलं.

पेरणी आली. डॉक्टरनं रक्त तपासायला परत बोलावलं होतं. "आता कायले?" कौसल्या म्हणाली. "चांगले तं खाऊन राह्यले." मारोतीचे हातपाय गळायला लागले, चालताना उंबरठा लागायचा. "मटणाची सवय सुटून राह्यली, तसं होते," ती म्हणाली. आता तो मटण मागतही नव्हता. मानीबाईच पाणवठ्यावर म्हणाली, "सुनेनं वाघाले गवत खाऊ घातलं बाई!" प्रियंकाचा ऊर भरून आला.

मग पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी कर. सकाळपासून घराघरातून मटणाचा वास सुटला होता.

"आज कर आहे," मारोती म्हणाला. "आज तरी रस्सा दे."

"देतो नं," कौसल्या म्हणाली. "पहिले एवढं घ्या."

तिनं साराची वाटी पाटासमोर ठेवली. त्या दिवशी थांबली नाही, लगेच उचलली. मारोती वाटी प्याला, दुसरी प्याला, आणि शेवग्याची शेंग तोंडाला लावता लावता आडवा झाला.

यवतमाळच्या त्याच दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टरनं प्रियंकाला आत बोलावलं. "काय खायचे?"

रडतानाही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. "मटण पुरं सोडवलं होतं साहेब. पालक, शेवगा, टमाटे, केळी, शहाळं. भाजीचं पाणीही वाया जाऊ दिलं नाही."



"बाई, त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. मटण कमी करा म्हटलं होतं, पण हे सगळं तर पूर्ण बंद करायला सांगितलं होतं. बाकी भाजी उकडून पाणी फेकून द्या, नाहीतर रक्तात पोटॅशियम साठून हृदय एकाएकी थांबेल, असंही सांगितलं होतं. तुमच्या सासूबाईंनी एकेक नाव पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. पाठ म्हणून दाखवलं. मी तेव्हा म्हणालोही, अशी बायको नशिबानं मिळते."

प्रियंकानं दारातून बाहेर बघितलं. निंबाच्या झाडाखाली कौसल्या सोबत आणलेल्या डब्यातलं उरलेलं सार शांतपणे मातीत ओतत होती.

मारोती पोळ्याच्या करीला, भर दुपारी, वारला.