लेन्सची डबी

“हनुवटी टेकवा, काकू. समोरच्या दिव्याकडे बघा.” मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बुबुळाचा बाक मोजणारी मुलगी आकडे बघून खूश झाली. “मागच्या मापाशी तंतोतंत जुळतंय! म्हणजे आम्ही बंद करायला सांगितल्यापासून तुमच्या त्या कडक कॉन्टॅक्ट लेन्स खरंच एकदाही घातल्या नाहीत?” “नाही घातल्या.” “कमाल आहे बाई तुमची! बाकीचे फोटोपुरत्या हळूच घालतात. मग लेन्सनं बुबुळ दबतं, माप चुकतं आणि ऑपरेशन लांबतं.” काकूंचा हात पर्समधल्या लेन्सच्या डबीवर होता. लेन्स काढून त्यांनी जाड चष्मा लावला, त्या दिवसापासून अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यानं त्यांना ओळखलंच नव्हतं. त्याला सगळ्याचाच विसर पडत चालला होता, आणि त्याच्या आठवणीतल्या बायकोला चष्मा नव्हता. “बाई, आमची ही कुठं गेली हो?” तो रोज विचारायचा. “येतील हं,” असं म्हणत त्या त्याला भरवायच्या. कितीदा तरी त्यांनी डबी उघडली. पण ऑपरेशन झालं की चष्मा कायमचाच जाणार होता. तोवर कळ काढू, असं म्हणून त्या ती पुन्हा मिटायच्या. गेल्या आठवड्यात झोपताना तो म्हणाला, “बाई, तुम्ही फार केलंत माझं. ही आली की मला उठवा.” तो पुन्हा उठलाच नाही. “आता दुसरा डोळा,” मुलगी म्हणाली. “अहो काकू, पाणी आलं की डोळ्यात! असं माप नाही मिळायचं.” तिनं यंत्राचा दिवा बंद केला. “थांबू या जरा. घाई कसली आहे?”