जिराफाचा मफलर

"अडलं की विचारा," असं मुलांना जन्मभर सांगत आलेल्या हेडमास्तरांनी निवृत्तीनंतर लोकरीचं विणकाम शिकायला घेतलं. बायको चाळीस वर्षं घरादाराचे स्वेटर विणत आलेली, पण तिच्याकडे शिकायचं म्हणजे मास्तरकीला बट्टा. नातीने फोनवर 'विणकामाची सुरुवात' नावाचा व्हिडिओ लावून दिला. मास्तरांनी बायकोला बजावलं, "मी विचारल्याशिवाय तू मधे एक शब्द बोलायचा नाहीस."

"बरं," ती म्हणाली.

महिन्याभरात मफलर गळ्याभोवती दोनदा फिरेल एवढा झाला. मग तो खुर्चीवरून खाली उतरला, आणि थंडी सरता सरता बैठकीची खोली ओलांडून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन टेकला.

"आजोबा, हा जिराफासाठी आहे का?" नातीने विचारलं.

"मोठं काम अंगावर घेतलं की वेळ लागतोच," मास्तर मान वर न करता म्हणाले.

"अहो, लोकर संपत आली की तुमची," म्हणत बायकोने नववा गुंडा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि क्षणभर तिथेच थांबली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला, तोंडही उघडलं. मग पुन्हा खाली मान घालून विणू लागले.



त्या व्हिडिओत फक्त सुरुवातच होती. टाके बंद करून विणकाम संपवायचं कसं, हे बायकोला विचारावं लागणार होतं.